कूर्मदासांची वारी आणि आपला देह



मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते अथवा ती वाहिनी फुटते आणि कालपर्यंत घर सांभाळणारा मनुष्य आज दुसऱ्याच्या हाताने घास घेतो. यालाच आपण पक्षाघात, अर्धांगवायू म्हणतो. अशा वेळी मनात पहिला प्रश्न उमटतो, “देवा, माझ्याच वाट्याला हे का?” कोणी म्हणते, पूर्वकर्माचे फळ. परंतु रुग्णाला दोषी ठरविणे हा धर्म नव्हे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही या व्याधीची ज्ञात कारणे आहेत आणि सज्जनांनाही ती व्याधी होते.

अशा प्रसंगी संत कूर्मदासांचे चरित्र आठवावे. परंपरा सांगते की, पैठणच्या या भक्ताला जन्मतःच हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून ते लोळत, सरपटत वारीला निघाले. सोलापूर जिल्ह्यातील लऊळ येथे देह पुरता थकला. तेव्हा त्यांनी वारकऱ्यांच्या हाती पांडुरंगाला निरोप धाडला आणि भक्तवत्सल विठ्ठल स्वतः लऊळला त्यांच्या भेटीस आला.

या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. कूर्मदासांनी आपला देह जसा होता तसा स्वीकारला, पण वाट सोडली नाही. आणि जेथे शक्ती संपली, तेथे दुसऱ्याकडून साहाय्य मागण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

स्वीकार म्हणजे हात टेकणे नव्हे. इजा झालेल्या मेंदूतही पुनःपुन्हा केलेल्या सरावाने नव्या वाटा तयार होतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा अधिक वेगाने होते, परंतु त्यानंतरही ती थांबतेच असे नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम ही नित्याची उपासना समजावी. तो करणे आपल्या हाती. फळ किती आणि केव्हा, ही चिंता ईश्वरावर सोपवावी. औषधे मात्र नवसासाठी कधीही बंद करू नयेत.

कित्येकांची वाचा जाते. आश्चर्य असे की, बोलताना शब्द न सापडणाऱ्या काही रुग्णांना पाठ असलेली आरती चालीत म्हणता येते. घरच्यांनी सायंकाळी त्यांना सोबत घेऊन आरती म्हणावी, घाई करू नये. रुग्ण चिडला, रडला, तर तो हट्ट समजू नये. या आजारानंतर उदासीनता अनेकांना येते. तिच्यावरही उपचार आहेत. शुश्रूषा करणाऱ्यालाही विश्रांती मिळावी, हे इतर कुटुंबीयांनी पाहावे.

आपल्या बोरीवलीतील मंडपेश्वर लेण्यांत जावे. काळाच्या आणि माणसांच्या आघातांनी तेथील अनेक शिल्पे भंगली आहेत. तरीही गाभाऱ्यातील शिवलिंगाची पूजा आजही होते. देहाचेही तसेच आहे. भिंत भंगली म्हणून आतला देव भंगत नाही.

ज्यांना मंदिराच्या पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांनी खंत करू नये. अंथरुणावरून घेतलेले नामही तितकेच पोहोचते. लऊळची कथा हेच सांगते की, भक्त जेथवर येऊ शकतो, तेथून पुढचे अंतर देव चालून येतो.

सर्व रुग्णांस धैर्य आणि त्यांच्या सेवेकऱ्यांस बळ लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥