गोळी विरघळेपर्यंत

आजचं मनन छोटंसं आहे. जिभेखाली ठेवलेलं औषध विरघळायला जेवढा वेळ लागतो, तिथून त्याची सुरुवात. आरामात बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

आता जिभेचं टोक टाळूला लावा. जिभेखालची ओली, नाजूक जागा जाणवते का? तिथे ब्युप्रेनॉर्फिन नावाच्या औषधाची पूड ठेवली आहे, असं समजा. चव कडू. तोंडाला पाणी सुटतं, गिळून टाकावंसं वाटतं. गिळायचं नाही. पोटात गेलं तर यकृत या औषधाचा बराचसा भाग निकामी करून टाकतं. जिभेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते थेट रक्तात उतरावं लागतं. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, थुंकायचं नाही. नुसतं बसायचं.

आपल्या देशात अनेक सरकारी रुग्णालयांत आणि संस्थांच्या केंद्रांत रोज सकाळी माणसं अशी बसलेली असतात. कुणाला ब्राऊन शुगरचं, म्हणजे हेरॉइनचं व्यसन, कुणाला अफूचं, कुणाला वेदनाशामक इंजेक्शनांचं. या उपचाराचं कागदोपत्री नाव ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी. बोलताना सगळे ओएसटी म्हणतात. नर्स गोळी कुटून जिभेखाली ठेवते आणि समोरच बसवून ठेवते. थोड्या वेळाने म्हणते, ‘आ करा, जीभ वर.’ कारण तोंडात लपवून बाहेर विकणारेही असतात. दोन मुलांचा बाप असलेला माणूस निमूटपणे तोंड उघडतो, जीभ वर करून दाखवतो.

आज आपण या माणसाजवळ थांबणार आहोत. त्याला नाव देऊ नका. नाव दिलं की गोष्ट सुरू होते, आणि गोष्ट म्हटली की तिचा शेवट कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

आता त्याची जुनी सकाळ डोळ्यांसमोर आणा. औषध सुरू होण्याआधीची.

शेवटचा दम मारून आठ-दहा तास झालेत. जाग येते ती जांभयांनी. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी. अंगावर काटा, पायांच्या हाडांत ठणका, पोटात मुरडा. मुंबई-पुण्यात नशा करणारे याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की यायच्या आत पैसे उभे करायचे, माल आणायचा, पन्नीवर ओढायचा. तेवढ्यावर काही तास निघतात. मग पुन्हा तेच. दिवसाचे असे तीन-चार तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा पुढच्या भीतीत जातो.

इथे थोडं थांबू या. हा माणूस मजेसाठी नशा करतो असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं. सुरुवातीला तसं असेलही. आता तो फक्त बरं वाटावं म्हणून ओढतो. तुम्हाआम्हाला सकाळी उठल्यावर जे आयतं मिळतं, साधं दुखत नसलेलं अंग, ते तो रोज विकत आणतोय. ही गोष्ट पटकन पटत नाही. पटेपर्यंत दोन श्वास घ्या.

आता औषधाचा पहिला दिवस.

केंद्रात आल्यावर त्याला पहिली गोष्ट सांगितली जाते ती थांबण्याची. अंगात हेरॉइन असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं, तर ते हेरॉइनला मेंदूतल्या जागेवरून एकदम बाजूला सारतं आणि भयंकर टर्की सुरू होते. म्हणून आधी टर्की दिसायला हवी. डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या बघतात, अंगावरचा काटा बघतात, नाडी मोजतात. ज्या दुखण्यापासून तो वर्षानुवर्षं पळत आला, त्याचीच आज वाट बघायची. अनेकांची पहिली परीक्षा इथेच होते. कुणी निघून जातं, दोन दिवसांनी परत येतं. कुणी भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसून राहतं.

मग पूड जिभेखाली जाते. तासाभरात नाक गळायचं थांबतं. ठणका उतरतो.

आत काय झालं? मेंदूत अफूच्या कुळातल्या द्रव्यांसाठी ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. एसटी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ब्युप्रेनॉर्फिन ती जागा धरतं आणि दिवसभर सोडत नाही. मागून हेरॉइन आलं तरी त्याला बसायला मिळत नाही. औषधाचा स्वतःचा परिणाम मात्र एका मर्यादेपर्यंतच जातो. डोस वाढवला म्हणून नशा तशी चढत जात नाही, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत नसतील तर श्वास बंद पडण्याचा धोकाही खूप कमी असतो.

या दिवसाबद्दल रुग्णांना विचारलं तर मोठमोठे शब्द ऐकू येत नाहीत. ‘नॉर्मल वाटलं,’ असं म्हणतात. ‘काहीच वाटलं नाही,’ असंही म्हणतात. या ‘काहीच नाही’पाशी जरा रेंगाळा. वर्षानुवर्षं ज्याचं शरीर सतत काहीतरी मागत होतं, त्याला एका सकाळी काहीच नको आहे.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन द्यायला सुरुवात केली. तेही याच कुळातलं, तोंडाने घ्यायचं, दीर्घकाळ टिकणारं औषध. त्याआधी दुसऱ्या औषधांवर असताना हे रुग्ण दिवसभर पुढच्या इंजेक्शनचाच विषय काढत. मेथाडोनवर स्थिरावल्यावर त्यांच्यातला एकजण चित्रं काढू लागला. दुसरा अर्धवट राहिलेलं शालेय शिक्षण पुरं करायचं म्हणून डॉक्टरांच्या मागे लागला. औषधाने चित्रकला शिकवली नव्हती. डोक्यात जागा मोकळी झाली होती.

मोकळ्या जागेचं पुढे काय होतं, हेही बघू या. घाई करू नका, कारण इथून पुढचा काळ केंद्रातल्या आपल्या माणसालाही लांब वाटतो.

दुपार रिकामी होते. पूर्वी पैसे, माल, जागा, पोलीस यांत वेळ कसा जायचा ते कळत नसे. आता दुपारी तीन वाजता करायचं काय? किडलेली दाढ दुखायला लागते. ती आधीही किडलेली होतीच, कळत नव्हती. बद्धकोष्ठ होतं, घाम फार येतो, कुणाला दिवसा झापड येते. आणि आठवणी येतात. बहिणीचे कानातले, बापाच्या शेवटच्या आजारपणात आपण कुठे होतो ते. नशेने बधिर केलेलं सगळं हळूहळू जागं होतं. घरात मात्र कपाटाच्या किल्ल्या आईच्या कमरेलाच असतात. तो अंघोळीला गेला तरी कुणीतरी दाराबाहेर कानोसा घेत असतं. तो बरा होतोय हे त्याच्या शरीराला आधी कळलेलं असतं. घराला कळायला वेळ लागतो, आणि त्यात घराचंही चुकत नाही.

आता एक अवघड वाक्य हाती घेऊ या: ‘एक सोडलं आणि दुसरं धरलं.’

हे वाक्य नातेवाईक म्हणतात. कधी व्यसनमुक्तीच्या गटातले जुने सोबती म्हणतात की गोळीवर आहेस तोवर तू खरा क्लीन नाहीस. कधी रात्री तो स्वतःलाच म्हणतो. आपल्याही मनात ते असेल तर त्याला लगेच हाकलू नका. त्यात तथ्य आहे. ब्युप्रेनॉर्फिन अफूच्याच कुळातलं आहे. शरीराला त्याची सवय होते, दोन-तीन दिवस चुकले तर टर्की येते. गैरवापरही होतो. एवढं सगळं मान्य करा.

मान्य करून पुन्हा त्या माणसाकडे बघा. सकाळी एकदा केंद्रात गेला, दहा मिनिटं बसला, कामाला गेला. संध्याकाळी मुलीची वही तपासली. चोरी नाही, पन्नी नाही, दुसऱ्याची सुई नाही. शरीर औषधावर अवलंबून आहे, पण त्याचा दिवस त्याच्या हातात परत आला आहे. आपण ज्याला व्यसन म्हणून घाबरतो ते यातलं नेमकं कोणतं? उत्तर लगेच द्यायला हवं असं नाही.

एक आकडा फार सावकाश ऐकायचा आहे. २००३ साली स्वीडनमधला एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हेरॉइनचे ४० रुग्ण. २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन. उरलेल्या २० जणांना सहा दिवसांत ते कमी करत बंद केलं आणि पुढे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. समुपदेशन, गटचर्चा दोन्हीकडे सारखी. वर्ष संपलं तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी १५ जण उपचारात होते. दुसऱ्या गटातलं कुणीही टिकलं नव्हतं, आणि त्यांतले चौघे मरण पावले होते. औषधाच्या गटात एकही मृत्यू नव्हता.

त्या चौघांपाशी थोडं बसा. त्यांनाही सोडायचंच होतं, म्हणूनच ते आले होते. त्यांच्याशीही कुणीतरी आपुलकीने बोलत होतं.

मृत्यूचं एक साधं कारण घराघरात माहीत असायला हवं. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सोसण्याची ताकद उतरते. तुरुंगातून सुटलेला किंवा उपचार अर्धवट सोडलेला माणूस एखाद्या वाईट संध्याकाळी सवयीने पूर्वीएवढंच घेतो. पूर्वी तेवढं पचत होतं. आता श्वास थांबतो. औषध बंद झाल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, त्यामागे असे अनुभव आहेत.

तरी तक्रारी आहेत, आणि त्या ऐकून घेतल्याशिवाय हे मनन पुरं होणार नाही. रोजची रांग ही पहिली. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याने केंद्र उघडायची वाट बघायची की मुकादमाची? गावी चुलतभावाचं लग्न निघालं तर चार दिवसांच्या औषधाचं काय? रांगेत ओळखीच्या कुणी बघितलं तर? अमेरिकेतले मेथाडोनचे रुग्ण या रोजच्या हजेरीला ‘द्रवरूप बेड्या’ म्हणत आले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत भारतात आणि तिकडेही नियम सैल झाले, काही दिवसांचं औषध घरी मिळू लागलं. अनेकांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्यावर कुणीतरी विश्वास टाकला. त्याच रांगेबद्दल दुसरा अनुभवही खरा आहे: ‘दिवसातून एकदा कुणीतरी मला नावाने हाक मारतं.’ एकाला बेडी वाटते ती जागा दुसऱ्याला आधाराची वाटते. कधी एकाच माणसाला सोमवारी एक वाटतं आणि गुरुवारी दुसरं. दोन्ही मनात राहू द्या.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने ब्राऊन शुगरमध्ये सापडलेली तरुण मुलं मराठी घरांच्या बैठकीत आणून बसवली. १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, डॉ. अनिता अवचटांनी त्याला घराचं रूप दिलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या गावांत तुळशीची माळ घालून दारू सोडणारे आहेत. माळ घातली, सुटली. ज्यांची सुटली त्यांचं मोल कमी नाही. पण त्यामुळे सोडणं म्हणजे एका दिवसात, कायमचं आणि कशाचाही आधार न घेता, असं चित्र आपल्या मनात पक्कं झालं आहे. गोळी घेणारा माणूस त्या चित्रात बसत नाही, म्हणून आपण त्याला विचारत राहतो, ‘गोळी कधी सुटणार?’

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक या कुळातली द्रव्यं घेतात, त्यांतल्या जवळपास ७७ लाखांना मदतीची गरज आहे. म्हणजे हा प्रश्न आज कितीतरी घरांत जेवणाच्या ताटावर विचारला जात असेल. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. ऐकणाऱ्याला मात्र ऐकू येतं की तू अजून बरा झालेला नाहीस. मग तो एक दिवस घरच्यांना खूश करायला गोळी परस्पर बंद करतो. त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल आपण आत्ताच बोललो.

मनातल्या मनात तो प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा. कधी सुटणार, याची एवढी निकड कुणाला आहे? त्याला, की आपल्याला? शेजाऱ्यांना सांगता यावं, लग्नाचं बघता यावं, आपल्यापुरतं प्रकरण मिटावं, असंही त्यात काही मिसळलं आहे का? असलं तर असू द्या. दिसलं एवढं पुरे.

काहीजण महिनोन्‌महिने डोस उतरवत औषध थांबवतात. काहीजण वर्षानुवर्षं घेतात आणि नोकरी, संसार, म्हातारे आईबाप सगळं सांभाळतात. कुणाचं कधी थांबवायचं, हे तो आणि त्याचे डॉक्टर बघतील. आपल्याला करता येण्याजोगी कामं वेगळी आहेत. केंद्राच्या वेळेला घरातलं दुसरं काम त्याच्या गळ्यात न घालणं. लग्नाला जायचं असेल तर आठवडाभर आधी त्याच्याबरोबर जाऊन नर्सशी बोलणं. पाहुण्यांनी खोचकपणे विचारलं, तर ‘औषध चालू आहे, तब्येत चांगली आहे’ एवढं सांगून विषय बदलणं. आणि उद्या सकाळी तो चपला घालत असेल, तेव्हा त्याला कालचा हिशेब विचारत उंबऱ्यात अडवून न ठेवणं.