दोन वर्षांत येईल

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, दोन वरीस व्हई ग्यात. तुमनं यंत्र उनं का?"

आवाज ओळखायला थोडा वेळ लागला. शिरपूर तालुक्यातले केळीवाले काका. दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, ते आमच्या टेबलापाशी आले होते. मी तेव्हा पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. टेबलावर पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची पट्टी होती, तिच्यावर टिन ऑक्साइडचा पांढुरका थर, खाली छोटा हीटर, बाजूला मल्टिमीटर. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस जवळ नेला की मीटरवरचा आकडा झरझर खाली यायचा आणि शाळेची पोरं ओरडायची. काका मात्र ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "याना उपेग काय शे?"

पुतण्यासोबत त्यांनी छोटं रायपनिंग चेंबर टाकलं होतं. केळी पिकवायला तिथे इथिलीन वायू सोडतात. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. इथिलीन चालतं, पण १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. कमी पडलं तर घड सारखे पिकत नाहीत. मी म्हणाले, "काका, चेंबरमध्ये इथिलीन किती आहे ते ही पट्टी सांगेल. दोन वर्षांत येईल बाजारात." त्यांनी खिशातल्या डायरीत माझा नंबर लिहून घेतला.

खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी ती पट्टी इथिलीनसमोर धरलीही नव्हती.

फोनवर मी म्हणाले, "काम चालू आहे, काका." ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"वर मी अजून विचार करतेय.

आधी ती पट्टी काय करते ते सांगते. टिन ऑक्साइड तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. वीज वाहायला इलेक्ट्रॉन कमी उरतात, म्हणून रोध वाढतो. जळू शकणारा वायू आला की तो त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध उतरतो. एवढंच. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये याच तत्त्वावर पेटंटसाठी अर्ज केला. स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारी अनेक यंत्रं आजही याच तत्त्वावर चालतात. आपल्या खान्देशातही हे काम नवं नाही. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातून जस्ताच्या ऑक्साइडसारख्या पदार्थांच्या वायुसंवेदकांवर कितीतरी शोधनिबंध निघाले आहेत.

अडचण अशी की ही पट्टी वायूचं नाव विचारत नाही. इथिलीन, स्पिरिट, एलपीजी, सगळ्यांना ती कमी-जास्त तोच प्रतिसाद देते. आणि रायपनिंग चेंबरमधली हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास. पाण्याची वाफ त्याच पृष्ठभागावर जाऊन बसते. प्रदर्शनानंतर काही महिन्यांनी मी दमट हवेत इथिलीन मोजून पाहिलं. कोरड्या हवेत सुरेख दिसणारा आलेख तिथे पार झोपला. एकाच वायूला सोमवारी एक आकडा आणि गुरुवारी दुसरा.

म्हणजे मी खोटं बोलले होते का?

मैत्रिणीला विचारलं तर ती हसली. "सगळेच बोलतात. प्रस्तावात समाजोपयोगाचा रकाना भरावा लागतो ना?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. पैसा लोकांचा असतो आणि लोकांना उत्साह वाटला नाही तर तो आटतो. "अजून काही सांगता येत नाही" हे वाक्य ऐकून आठवीतली मुलगी विज्ञान शाखेकडे वळेल का? मग थोडी साखर घातली तर काय बिघडलं? हेतू तर चांगलाच आहे.

मीही बरेच दिवस असंच समजत होते. पण हेतूचा हिशेब माझ्या वहीत असतो. काकांच्या वहीत फक्त माझा नंबर आणि दोन वर्षांचा वायदा होता. बाजारात कुणी सडका माल दिला तर काका तो हातात घेऊन पाहू शकतात. माझं बोलणं तपासायला त्यांच्याकडे ना भट्टी आहे, ना वायूचे सिलिंडर. ज्याला आपलं म्हणणं पडताळता येत नाही त्याच्यासमोर जपून बोलायचं, की तिथेच मोकळं सुटायचं? मला वाटतं, सगळा प्रश्न इथेच आहे.

आणि खान्देशातल्या शेतकऱ्याला विज्ञानाचे वायदे नवे नाहीत. २००२ मध्ये बीटी कापूस आला. बोंडअळीचं काम तमाम, असं सांगितलं गेलं. सुरुवातीला फायदाही झाला. पण त्या वाणाला एक अट होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाण्याचं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांची पैदास लांबेल. स्वतःच्या शेतात अळ्या का पोसायच्या, हे फार थोड्यांना नीट समजावलं गेलं. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला तेव्हा कारणं अनेक होती. न समजावलेलं हे पाकीट त्यांतलं एक. 'अळी मरेल' हे वाक्य सगळ्यांपर्यंत पोहोचलं, त्याची अट पोहोचली नाही. अट गाळली की खरं वाक्यही खोट्याचं काम करतं.

मग लोकांना सांगायचं तरी कसं?

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं मिळवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड छापले, मराठीत. त्यांची कितीतरी अनुमानं पुढच्या अभ्यासकांनी खोडली. ती खोडता आली, कारण राजवाड्यांनी निष्कर्षांसोबत मूळ कागदही लोकांसमोर ठेवले होते. मी टेबलावर फक्त निष्कर्ष ठेवला होता, तोही न काढलेला. माझे कागद, म्हणजे ते झोपलेले आलेख, लॅबच्या ड्रॉवरमध्ये होते.

आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे 'सामान्य माणसाला कळेल असं सोपं करून सांगा' हे वाक्य तिथे मला जरा विचित्रच वाटतं. सोपं करणं म्हणजे अडचण काढून टाकणं नव्हे. शेती करणाऱ्याला अडचण कळते. पेरणी फसते, पंप जळतो, केळीवर करपा येतो. न चालणाऱ्या गोष्टीशी त्याचा रोजचा संबंध आहे. अडचण लपवून आपण त्याला सोपं काही देत नाही, फक्त त्याला प्रश्न विचारू देत नाही.

आठवड्याने मीच काकांना फोन केला. म्हटलं, यंत्र आलेलं नाही, माझ्याकडून लवकर येईल असंही नाही, आणि तेव्हा मी न तपासता बोलले होते. मग दमट हवेचं सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, चेंबरमध्ये कोंडलेला खराब वायू काढायला आम्ही अधूनमधून दार उघडतो. तेव्हा ओल एकदम उतरते. त्या वेळी तुमची पट्टी काय दाखवते?

मला माहीत नव्हतं. मी कायम स्थिर हवेतच मोजत आले होते. दार उघडतं हे माझ्या प्रयोगात नव्हतंच.

"बघून सांगते," मी म्हणाले. या वेळी किती दिवसांत ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.