संथ कामगाराचा गुन्हा कोणता?

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या, आणि उद्योजकांच्या व्यासपीठांवरचे एक जुने वाक्य नव्या जोमाने ऐकू येऊ लागले: ‘या देशात काम न करणाऱ्याला काढता येत नव्हते, आता येईल.’ कामगार संघटनांचे उत्तरही ठरलेलेच आहे: चार्जशीट म्हणजे युनियनचा कार्यकर्ता मोडण्याचे हत्यार, बाकी काही नाही. रांजणगावच्या एमआयडीसीपासून सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यापर्यंत आणि तिकडे कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीपर्यंत या दोन वाक्यांपलीकडे चर्चा जात नाही. दोन्ही वाक्ये ज्या माणसाला टाळून पुढे जातात, त्याच्याबद्दल मला लिहायचे आहे. तो वेळेवर येतो, कोणाला शिवी देत नाही, चोरी करत नाही, पिऊन येत नाही. फक्त त्याच्या हातून शेजाऱ्यापेक्षा कमी काम होते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत एका पिढीत शेतावरून असेम्ब्ली लाइनवर आलेली असंख्य माणसे आहेत. सेकंदांत मोजलेल्या कामाची सवय सगळ्यांना सारख्याच वेगाने लागेल, असे मानायला काहीही आधार नाही. या माणसाचे कारखान्याने काय करावे?

आज जे केले जाते ते चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्यातल्या शिस्तीला लेखी रूप दिले. त्याखालच्या आदर्श आदेशांतली गैरवर्तनाची यादी वाचली, तर तिच्यामागचा विचार लक्षात येतो. चोरी, लाच, हुकूम मोडणे, दारू पिऊन येणे, रजेशिवाय दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी, सवयीचा हलगर्जीपणा. महाराष्ट्राच्या आदेशांत काम संथ करणेही आहे, पण ते हेतुपुरस्सर असले पाहिजे. यादीतली बहुतेक कृत्ये माणूस ठरवून करतो, किंवा टाळू शकत असून टाळत नाही. ज्याला जमतच नाही, तो या यादीत कुठेच बसत नाही. मग व्यवस्थापन काय करते? त्याला यादीत बसवण्याची वाट पाहते. कमी उत्पादनाबद्दल तोंडी बोलणी होतात, कागदावर काहीच येत नाही. आणि एके दिवशी तो दहा मिनिटे उशिरा येतो, सुपरवायझरला उलटून बोलतो किंवा जागेवर डुलकी काढतो, तेव्हा पाच वर्षांचा सगळा राग त्या एका कृत्यावर चार्जशीट होऊन उतरतो. चौकशी डुलकीची होते, शिक्षा संथपणाची दिली जाते.

पुण्याच्या भारत फोर्जचा खटला दोन्ही बाजूंचे लोक उदाहरण म्हणून देतात. २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एक हेल्पर कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर झोपलेला सापडला. आधी तीनदा त्याला किरकोळ शिक्षा झाल्या होत्या. चौकशी होऊन जानेवारी १९८४मध्ये त्याला बडतर्फ केले गेले. कामगार न्यायालयाने चौकशी योग्य ठरवली, पण शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त आहे म्हटले. वाद चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५मध्ये बडतर्फी कायम झाली. उद्योजक म्हणतात, झोपलेल्या माणसाला काढायला बावीस वर्षे लागली. संघटना म्हणतात, एका डुलकीसाठी माणसाची रोजी गेली. दोघेही खरे बोलतात. पण मला या खटल्यात आणखी एक गोष्ट दिसते. बावीस वर्षे प्रश्न एवढाच राहिला की झोपेला कोणती शिक्षा पुरेशी. ती अकरा-चाळीसची वेळ आणि ती प्लेट यांच्याभोवतीच सगळा कागद फिरला. शिस्तीची चौकट घटनेवर चालते; तारीख, वेळ, जागा, साक्षीदार. अपुऱ्या कामाला तारीख नसते.

हा भेद सर्वांत स्वच्छ कोणी मांडला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचे न्या. डी. ए. देसाई यांनी. उद्योगजगतात त्यांचे नाव कामगारधार्जिणे म्हणून घेतले जाते, आणि त्यामुळेच त्यांचा १९७९चा ‘भारत सरकार विरुद्ध जे. अहमद’ हा निवाडा फारसा वाचला जात नाही. तो कामगाराचा नव्हताच. तो एका सनदी अधिकाऱ्याचा होता. १९६०च्या भाषिक दंगलींच्या वेळी अहमद आसामातल्या नौगांव जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर होते. त्यांनी आधीच खबरदारी घेतली नाही, नेतृत्व दाखवले नाही, त्यांच्यात दूरदृष्टी नव्हती, अशा स्वरूपाचे आरोप ठेवून सरकारने त्यांना सेवेतून काढले. न्या. देसाईंनी विचारले की, यात गैरवर्तन कुठे आहे? कार्यक्षमतेचा अभाव, नेतृत्वगुणांचा अभाव, प्रशासकीय कौशल्याची सर्वोच्च पातळी न गाठणे, यांतून माणूस पदाला अपुरा ठरेल. पण त्याने कर्तव्य मोडले असे सिद्ध होत नाही. अधिकारी अयोग्य असेल, तर त्याला त्या पदावर ठेवू नका. मात्र त्याला गुन्हेगार ठरवून शिक्षा करू नका. पुढे १९८४च्या ग्लॅक्सो खटल्यात त्यांनीच म्हटले की, स्थायी आदेशांत जे गैरवर्तन म्हणून लिहिलेले नाही, त्यासाठी शिक्षा करता येणार नाही. हे दोन निवाडे शेजारी ठेवले की कामगार कायद्याचा कणा दिसतो. ज्या कारणासाठी माणसाला काढायचे, तेच कारण त्याला सांगितले पाहिजे. हे कामगारांचे लाड आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी लक्षात घ्यावे की अहमद हे एका जिल्ह्याचे मालक म्हणावेत एवढ्या अधिकाराचे होते.

यावर कुरकुंभहून आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. रिअॅक्टरचे तापमान पाहणारा ऑपरेटर संथ असेल, तर बाकीच्यांचे जीव जातात. तिथे ‘जमत नाही’ म्हणून कसे सोडायचे? त्याचे उत्तर त्याच निवाड्यात आहे. हलगर्जीपणाचे परिणाम भयंकर असतील, तर एकच चूकही गैरवर्तन ठरू शकते, असे न्या. देसाई म्हणतात. पहाऱ्यावर झोपणारा शिपाई, चुकीचे इंजेक्शन देणारी परिचारिका आणि गाडी उभी असलेल्या रुळावर दुसरी गाडी सोडणारा रेल्वेचा केबिनमन ही उदाहरणे तिथे आहेत. दौंड जंक्शनच्या माणसांना केबिनमनचे उदाहरण समजावून द्यावे लागत नाही. लक्ष देणे शक्य होते आणि दिले नाही, याला शिक्षा झालीच पाहिजे. पण दर तासाला पन्नासऐवजी बेचाळीस नग काढणाऱ्याला त्या केबिनमनच्या रांगेत उभे करता येत नाही.

शिवाय बेचाळीस नग कोणाचे, हा प्रश्न आहेच. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचे नाव आपल्या कारखान्यांच्या भिंतींवर असते, पण त्याचे मुख्य म्हणणे मनुष्यबळ विभागाच्या दारापाशी थांबते. १९५०मध्ये जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे देणारा हा माणूस आपल्या शिबिरांत एक प्रयोग करी. चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल. पन्नास खळग्यांचे एक फळकुट. प्रत्येक ‘कामगारा’ने ते मण्यांत बुडवून बाहेर काढायचे, लाल मणी म्हणजे खराब माल. सरासरी दहा लाल येणार हे गणितच सांगते, पण एकाला सहा येतात, दुसऱ्याला चौदा. डेमिंग सहावाल्याचे कौतुक करी, चौदावाल्याला झापी, शेवटी काहींना कामावरून काढी. सभागृह हसे, आणि मग त्यांना कळे की कोणाच्याही हातात काहीच नव्हते. दोन ते अठरा लालपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. कारखान्यातले बहुसंख्य दोष व्यवस्थेतून येतात, माणसातून नव्हे, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. त्याने यासाठी ९४ टक्के हा आकडा दिला होता. आकड्यावर मी अडून बसणार नाही. पण खाली वाकून काम करावे लागणारे फिक्स्चर, उशिरा येणारा कच्चा माल, आठवड्याला बदलणारी शिफ्ट, न शिकवता बदललेले मॉडेल, हे सगळे तपासल्याशिवाय ‘लाइनवरचा सर्वांत संथ माणूस’ शोधणे म्हणजे लाल मणी मोजणे होय. कोणत्याही रांगेत कोणीतरी शेवटचा असणारच. दर वर्षी तळच्या काही टक्क्यांना काढण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चने गाजवली. कर्मचाऱ्यांना अशी सक्तीची उतरंड लावण्याचा प्रकार मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये सोडला.

इथवर माझा रोख व्यवस्थापनावर होता. पण एक गोष्ट उद्योजकांच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. अपुऱ्या कामासाठी माणसाला दोष न देता काढण्याचा रस्ता कायद्यात होता: एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शिस्तभंगाची शिक्षा नसलेली जवळजवळ प्रत्येक सेवासमाप्ती ही कपातच, असा अर्थ न्यायालयांनी लावला होता. मात्र १९७६मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात जे प्रकरण घातले गेले आणि पुढे ज्याची मर्यादा तीनशेवरून शंभर कामगारांवर आणली गेली, त्याने मोठ्या कारखान्यांना एका माणसाच्या कपातीसाठीही सरकारची परवानगी सक्तीची केली. प्रामाणिक दरवाजा बंद झाला, आरोपाचा तेवढा उघडा राहिला. ज्याला माणूस काढायचाच आहे तो उघड्या दरवाजाने जाणार. खोट्या-अर्ध्याखोट्या चार्जशीटांचा मोठा वाटा या चांगल्या हेतूच्या तरतुदीतून आला, हे डाव्या चळवळीने कधी मान्य केले नाही.

तर मग नव्या चार संहितांपैकी औद्योगिक संबंधांच्या संहितेने ही मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली, याचे मी स्वागत करायला हवे. माझ्या युक्तिवादाचा ओघ तिकडेच जातो. पण ‘दोषाचा नव्हे, क्षमतेचा’ रस्ता जिथे आधीच मोकळा आहे तिथे काय घडते हे पाहिल्यावर मला थांबावे लागते. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत चार्जशीट नसते, कामगिरी सुधारणा योजना असते. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा राजीनाम्यासाठी दबाव येत असल्याच्या तक्रारी पुण्यातही झाल्या. कंपनीने आरोप नाकारले. एका कंपनीचा निवाडा मला इथे करायचा नाही. प्रश्न रचनेचा आहे. चार्जशीट कितीही कडू असली, तरी तिच्यासोबत काही हक्क येतात. आरोप लेखी मिळतो. युनियनचा पदाधिकारी किंवा सहकारी बचावाला उभा राहतो. साक्षीदाराची उलटतपासणी होते. निलंबन झाले तर पहिले ९० दिवस निम्मा आणि नंतर पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. निष्कर्ष कारणांसह द्यावा लागतो. ‘तुमचा दोष नाही, तुमची क्षमता कमी आहे’ असे मृदू बोलणाऱ्या पद्धतीत यांतले काहीच नाही. क्षमता मोजणारा, निकष ठरवणारा आणि निकाल देणारा एकच मॅनेजर असतो. डेमिंगचे मणी इथे कोणी उलटतपासणीत मोजत नाही. म्हणून दोन्ही रस्ते वेगळे असावेत, हे माझे म्हणणे कायम ठेवून मी त्याला एक अट जोडतो: आरोपीला मिळणारे संरक्षण अकार्यक्षम ठरवल्या जाणाऱ्यालाही मिळाले पाहिजे.

संहितेने नेमके उलट केले आहे. स्थायी आदेशांची सक्तीही तिने तीनशे कामगारांवर नेऊन ठेवली. निलंबनानंतरची चौकशी साधारणतः ९० दिवसांत संपवावी, ही खरोखर चांगली तरतूद त्याच प्रकरणात आहे, म्हणजे छोट्या कारखान्याला ती लागू नाही. मोठ्या ब्रँडना सुटे भाग पुरवणाऱ्या, शे-दीडशे माणसांच्या कारखान्यात आता प्रामाणिक दरवाजा परवानगीशिवाय उघडा आहे आणि गैरवर्तन म्हणजे काय हे सांगणारा कागद सक्तीचा नाही. आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा किंवा ट्रेनी म्हणून घेतलेला मुलगा तर या सगळ्याच्या बाहेरच आहे. त्याला चार्जशीट मिळत नाही, योजनाही मिळत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच सांगितले जाते, किंवा सात महिन्यांनी ब्रेक दिला जातो. ‘काढता येत नाही’ ही तक्रार ज्या औद्योगिक पट्ट्यातून येते, तिथे रोज माणसे विनाकागद काढली जातात. अपुऱ्या कामगिरीचा हिशेब वरच्या मजल्यावर होत नाही हेही या तालुक्यांनी पाहिले आहे. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना बंद पडला, पुढे भाड्याने गेला. न्हावऱ्याचा घोडगंगा अडचणीत आला. ते गाळप कामगारांच्या संथ हातांनी थांबले, असे त्या भागातला एकही ऊस उत्पादक म्हणणार नाही.

करायचे काय, याचा आराखडा शोधायला लांब जावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२च्या १५८व्या कराराने सेवासमाप्तीची कारणे म्हणून क्षमता आणि वर्तन यांचा वेगवेगळा उल्लेख केला, आणि दोन्ही बाबतींत कामगाराला बाजू मांडण्याची संधी मागितली. भारताने तो स्वीकारलेला नाही. त्याच वर्षीच्या १६६व्या शिफारशीत असे आहे की, कामगाराला योग्य सूचना आणि लेखी ताकीद दिल्याशिवाय, आणि सुधारायला वाजवी मुदत दिल्याशिवाय, असमाधानकारक कामासाठी काढू नये. यात मी तीन गोष्टी घालीन. ताकीद देण्याआधी त्याच जागेवर दुसऱ्या माणसाला काही दिवस बसवून यंत्र आणि फिक्स्चर तपासावे, आणि तो तक्ता कामगाराच्या हातात द्यावा. दुसरे काम जमते का हे प्रत्यक्ष बदली करून पाहावे. पॅकिंगला संथ असलेला माणूस तपासणीत सर्वांत विश्वासू निघू शकतो. आणि शेवटी काढायचेच ठरले, तर निर्णय त्याच्या सुपरवायझरने घेऊ नये, कारण लेखी द्यावे, भरपाई पूर्ण द्यावी आणि सेवेच्या दाखल्यावर कसलाही ठपका ठेवू नये. यासाठी संहितेत दुरुस्ती होण्याची वाट पाहावी लागत नाही. तीनशेच्या आतल्या कारखान्याला स्वतःचे लेखी नियम करायला आणि ते मराठीत गेटजवळ लावायला कोणताही कायदा आड येत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या उद्योजक संघटनांनी तसा एक समान नमुना करून तो कंत्राटी कामगारांनाही लागू केला, तर ‘काढता येत नाही’ या त्यांच्या तक्रारीवर त्यांच्याशी बोलायला मी तयार आहे.