पिंजरा कितीही चांगला असला तरी

2025च्या जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी एकच विषय होता. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली आणि तिला परत आणा म्हणत हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. मुक्या जनावराला बांधून ठेवल्यावर त्याचं सुख ठरवायचं कुणी, हा त्या वादाचा गाभा होता.

जमिनीपासून 400 किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या उंदरांबद्दलही हेच विचारायला हवं.

2014 साली नासाने तिथे उंदरांच्या 20 माद्या पाठवल्या. अवकाशात हाडं आणि स्नायू झपाट्याने झिजतात; त्या झिजेचा अभ्यास करायचा होता. एका पेटीत दहा जणी. लेंड्या खाली पडत नाहीत, म्हणून पंख्याच्या झोताने त्या गाळणीत ओढायच्या. खाण्याच्या वड्या भिंतीला चिकटवलेल्या, नखं रुतावीत म्हणून जाळी. सोय चोख होती. काही दिवसांतच तरुण माद्या भिंतीभिंतीने गोल पळू लागल्या, पुढे तर टोळीनेच. वजन उत्तम, केस तुकतुकीत, तरी पळणं चालूच. व्यायामाचा आनंद, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची भूक की ताण? संशोधकांनी या तिन्ही शक्यता मांडल्या. त्या माद्या जिवंत परतल्या नाहीत; आले ते त्यांचे गोठवलेले देह आणि ऊती.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. मारण्याच्याही आधी बांधणं येतं, हे फार महत्त्वाचं आहे. नासाच्या पेटीने शेवटचा दोष पुरता टाळला, पहिला मात्र तसाच राहिला. संशोधनाचा उपयोग मोठा आहे, पण त्याने हा दोष पुसला जात नाही. त्याच ग्रंथात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात, सांगितलं आहे. त्या गोल पळण्याकडे कुणी बारकाईने पाहिलं, त्याची नोंद केली, ही सावधपणाची सुरुवात म्हणायला हवी. पळण्याचं कारण कळेपर्यंत पिंजरा चांगला आहे, असं म्हणण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही.

जपानने 2016 साली 12 नर पाठवले. निम्म्यांना फिरत्या यंत्रात पृथ्वीइतकं वजन मिळालं आणि 35 दिवसांनी बाराही जिवंत उतरले. नर एकत्र ठेवले तर भांडतात, म्हणून प्रत्येकाचा पिंजरा वेगळा होता. पुढच्या मोहिमांमध्ये हाडांच्या घनतेच्या शेजारी या एकटेपणाचीही नोंद व्हावी, ही मागणी कोल्हापुरातल्या कुठल्याही जैन पाठशाळेत रास्तच ठरेल.