अजून गाडी न घेतलेला माणूस

बजाजच्या स्कूटर आकुर्डीत बनल्या, टेल्कोचे ट्रक पिंपरीत, आणि आता चाकणच्या एमआयडीसीतून दुचाकीपासून महागड्या मोटारीपर्यंत सगळं बाहेर पडतं. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल वाहनांवर पेटली. बापाने जन्मभर सायकल मारली, पोराने पल्सर घेतली. यात कष्टाचं चीज झाल्याचा आनंद असतो आणि तो खरा आहे. पण त्यातूनच एक समजूत रुजली, की पायी चालणारा म्हणजे अजून ज्याची गाडी व्हायची आहे तो. रस्तेही त्याच समजुतीने आखले गेले.

चाकणला शिफ्ट सुटली की हे उघड दिसतं. कायम कामगार बहुधा कंपनीच्या बसने जातात. कंत्राटी पोरं निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीतल्या खोल्यांकडे डांबराच्या कडेने, कंटेनरपासून अंग चोरत चालतात. इकडे निगडीच्या प्राधिकरण वसाहतीत अनेकजण सकाळी गाडीने उद्यानात जातात, फेऱ्या मारतात, गाडीनेच परततात. तिथे नाइलाज, इथे व्यायाम. दळण आणायला, पोराला शाळेत सोडायला, बस गाठायला चालणं मात्र आटत चाललं आहे.

चिंचवड गावठाणात ते अजून टिकून आहे. चापेकर चौकाकडून मोरया गोसावींच्या मंदिराकडे जाताना वाट ऐसपैस नाही, गर्दीही असते. पण दुकानं हाताशी, माणसं ओळखीची, आणि गल्ली चार ढांगांत ओलांडता येते. मला हे ओलांडणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुना मुंबई-पुणे रस्ता निगडी ते दापोडी ६१ मीटर रुंद झाला. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे न थांबता पन्नास सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजींनी समोरच्या औषधाच्या दुकानात जायचं कसं? मग नातू गाडी काढतो आणि दुकानापुढच्या फुटपाथवर लावतो. तिथून जाणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं. उद्या तोही गाडी काढतो.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मोकळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क आधी चाकणच्या कडेला पोचला पाहिजे. तिथे महामार्ग एका खात्याचा, कारखान्यांचे भूखंड एमआयडीसीचे, आणि खोल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत. कामगार मात्र एकाच फेरीत तिन्ही हद्दी पायांनी ओलांडतो. या तिघांनी एकत्र बसून कारखान्याच्या फाटकापासून खोलीपर्यंतचा सलग पदपथ आणि त्यावरचे दिवे आखावेत, उद्यानातल्या नव्या ट्रॅकच्या आधी.