विमर्शाची अट

गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगितलेल्या ज्ञानाचा पूर्ण विमर्श करून, म्हणजे ते सर्व बाजूंनी तपासून, मग इच्छेला येईल तसे वागण्याची मोकळीक देतो. मात्र लगेच पुढे आपले अत्यंत गुह्य वचन ऐकवून तो शरणागतीचा आग्रहही धरतो. माणसाचे नियंत्रण आणि निवड जास्तीत जास्त राखील अशी कृत्रिम बुद्धिमत्ता घडवणाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे, कारण पर्याय मोजता येतात, पण ज्या इच्छेने पर्याय निवडायचा ती इच्छाच संवादातून घडत असेल, तर निवड कोणाची हे मोजमापाने ठरत नाही. अशी यंत्रे माणसांनी दाखवलेल्या पसंतीवरून शिकतात, आणि पसंती मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग पुष्कळदा ती पसंतीच वळवण्याचा असतो.

गीतेचे दोन मोठे विवरणकार एकाच परिसरात जन्मले: पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली विनोबा भावे आणि रोह्यात 1920 साली पांडुरंगशास्त्री आठवले. विनोबांनी 1951 पासून भूदानासाठी जमीन मागितली, हिसकावली नाही. तरीही दानातली बरीचशी जमीन पडीक किंवा वादग्रस्त निघाली, त्यामुळे संतासमोर दिलेला होकार कितपत मनापासूनचा होता, ही शंका उरतेच. आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारातील मंडळी गावोगाव भावफेरीला जाताना शिदोरी बरोबर नेतात आणि ज्यांच्या दारी जातात त्यांच्याकडून काही घेत नाहीत. वरवर साधा वाटणारा हा नियम सांगणाऱ्याचा स्वार्थ ऐकणाऱ्याच्या निर्णयात मिसळू देत नाही. यंत्रांमागच्या कंपन्यांना असा नियम परवडणे कठीण, कारण वापरणाऱ्याने पुन्हा पुन्हा यावे यावरच त्यांचा व्यवहार चालतो.

समजा, निःस्वार्थ यंत्र घडवता आले, तरी ‘माणसाची निवड’ म्हणजे कोणत्या माणसाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे करसवलती देऊन उद्योगांसाठी राखायच्या पट्ट्यासाठी, जमीन द्यावी की नाही याविषयी 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले, आणि भारतात दुर्मीळ असलेला हा प्रयोग मोलाचाच होता. पण मत जमीनधारकांचे होते, त्याच भातखाचरांत मजुरी करणाऱ्यांचे नव्हते. तेथे मतदार कोण हे ठरवायला निदान सातबारा होता. यंत्रापुढे तसा कोणताही उतारा नाही, त्यामुळे कोणाची इच्छा मोजायची हे ते घडवणारेच आधी ठरवतात, आणि हा निर्णय वापरणाऱ्यापुढे पर्याय म्हणून कधीच मांडला जात नाही.