गृहस्थाची तितिक्षा

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवान श्रीकृष्ण अर्जुनास सांगतात की, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला म्हणजे शीत-उष्ण आणि सुख-दुःख यांचा अनुभव येतो. हे अनुभव येणारे आणि जाणारे आहेत, अनित्य आहेत, म्हणून ते सहन करावेत. या सहन करण्यास शास्त्रात तितिक्षा म्हटले आहे. शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी जी सहा प्रकारची साधनसंपत्ती वेदान्तशास्त्राने मुमुक्षूसाठी सांगितली आहे, तिच्यातही तिची गणना आहे. हा शब्द कानी पडताच हिमालयात उघड्या अंगाने बसलेला एखादा तपस्वी डोळ्यांपुढे येतो, आणि मुलाबाळांत गुरफटलेला गृहस्थ मनात म्हणतो की, हे साधन काही माझ्यासाठी नव्हे.

परंतु हा उपदेश ज्याला झाला तो संन्यासी नव्हता. तो पत्नी आणि पुत्र असलेला गृहस्थ होता. शिवाय याच श्लोकात भगवंतांनी त्याला ‘कौन्तेय’ अशी हाक मारली आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. महाभारताच्या आदिपर्वातील कथेप्रमाणे पांडवांचा जन्म राजवाड्यात झाला नाही. तो शतशृंग पर्वतावर, ऋषींच्या आश्रमांजवळ झाला. तेथेच पंडूचे देहावसान झाले, माद्री सती गेली, आणि माद्रीच्या दोन पुत्रांसह पाच मुले एकट्या कुंतीच्या पदरात आली. त्या मुलांची थंडी-वाऱ्याची काळजी जिने वाहिली, तिच्या पुत्राला भगवान सांगतात की, शीत आणि उष्ण सहन कर. तितिक्षा म्हणजे काय हे अर्जुनाने कुरुक्षेत्रावर ऐकले. परंतु त्याच्या मातेने ते पर्वतावर आचरून दाखविले होते.

ज्या प्रदेशात हिवाळा दीर्घ असतो, तेथील घराघरांत हे साधन आजही चालू आहे. काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. तो चाळीस दिवसांचा. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. असा हा सत्तर दिवसांचा काळ. श्रीनगरात या दिवसांत रात्रीचे तापमान शून्याखाली उतरते, नळांतील पाणी गोठते, आणि पुष्कळ घरांत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या वांग्यांवर, दुधी भोपळ्यावर आणि टोमॅटोवर स्वयंपाक निभावावा लागतो. हिंदू असो की मुसलमान, अंगात पायघोळ फेरन आणि त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, हा सर्वांचाच वेष. ‘चिल्ला’ या फारसी शब्दाचा एक अर्थ चाळीस दिवसांचे एकान्तातील अनुष्ठान असा आहे. लोकांनी थंडीला हे नाव दिले, हे किती यथार्थ आहे!

मात्र लहान मुलांच्या घरी हे अनुष्ठान एकान्ताचे नसते. शाळांना दीर्घ हिवाळी सुट्टी असते, बाहेर बर्फ असते, आणि तीन-चार मुले दिवसभर एकाच उबदार खोलीत असतात. एकाचा खोकला थांबतो तो दुसऱ्याचा सुरू होतो. लंगोट वाळत नाहीत, तान्हे मूल रात्रीतून चार वेळा उठते, आणि चाळिसाव्या दिवशी माता इतकी थकलेली असते की पेला सांडल्याच्या क्षुल्लक कारणाने तिचा हात उगारला जातो. दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश येथील धुक्याच्या दिवसांत, जेथे घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात, तेथेही थोड्याफार फरकाने हीच स्थिती असते. देहाला लागणारी थंडी घोंगडीने निवारता येते. परंतु दीर्घ श्रमाने मनात जो रुक्षपणा येतो, त्याला घोंगडी पुरत नाही. गृहस्थाच्या तितिक्षेची खरी परीक्षा येथे होते.

एका काश्मिरी कुटुंबाचा दृष्टान्त घ्यावा. घरचा कर्ता पुरुष नित्यनेमाचा मोठा पक्का होता. भल्या पहाटे फेरनात कांगडी घेऊन तो जपाला बसे. एके दिवशी त्याची पत्नी तान्ह्या मुलाच्या खोकल्याने रात्रभर जागी राहून नुकतीच चुलीपाशी गेली होती. तीन वर्षांचा मोठा मुलगा थंडीने जागा झाला आणि रडू लागला. पित्याने आसनावरूनच त्याला दरडावले, “गप्प बस! जप चालला आहे, दिसत नाही?” मूल अधिकच रडू लागले. तेव्हा त्याची वृद्ध माता म्हणाली, “माळ एका हाताने ओढता येते, दुसरा हात मोकळाच आहे. कांगडी बाजूला ठेव आणि पोराला फेरनात घे.” त्याने तसे केले. मूल पित्याच्या छातीशी ऊब मिळताच झोपी गेले, आणि जपही पूर्ण झाला. कांगडी सोडल्यामुळे त्याचे हात तेवढे गारठले. त्या दिवशी त्याच्याकडून जी तितिक्षा घडली, ती त्या गारठलेल्या हातांची होती.

येथे अशी शंका घेतली जाते की, ‘विवेकचूडामणी’त तर प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता दुःख सोसणे हे तितिक्षेचे लक्षण सांगितले आहे. मग थंडीवर उपाय करणे, औषध आणणे हे साधनाच्या विरुद्ध नाही काय? याचे समाधान असे की, ते लक्षण स्वतःच्या दुःखाविषयी आहे. दुसऱ्याचे दुःख, विशेषतः आपल्यावर विसंबलेल्या बालकाचे दुःख, प्रतिकार न करता पाहत राहणे ही तितिक्षा नसून निष्ठुरता होय. अर्जुनालाही भगवंतांनी सोसण्यास सांगितले आणि त्याच मुखाने कर्तव्य करण्यासही सांगितले. म्हणून गृहस्थासाठी नियम सरळ आहे: स्वतःचे कष्ट सोसावेत, मुलाचे कष्ट निवारावेत. जो मुलाला ‘सोसायला शीक’ म्हणून थंडीत ठेवतो आणि स्वतःचा चहा थोडा गार झाला म्हणून घर डोक्यावर घेतो, त्याने हा नियम उलटा केला आहे.

या दृष्टीने दीर्घ हिवाळ्यात प्रत्येक गृहस्थाने पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) रात्रीचे जागरण एकट्या मातेवर टाकू नये. पतीने, सासूने, नणंदेने त्याचा वाटा उचलावा. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, निद्रा आणि जागृती योग्य प्रमाणात असणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो असे म्हटले आहे. जिला सलग तीन तासही झोप नाही, तिच्याकडून शांतीची अपेक्षा करणे अन्याय आहे.

(२) बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपू नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपेतच तो प्राण घेतो. ऊब द्यायची ती कपड्यांनी, अंथरुणाने आणि स्वतःच्या अंगाने द्यावी. विस्तव जवळ असेल तर हवा खेळती ठेवावी.

(३) मुलाचा खोकला वाढला तर त्याचा श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बालकाचा ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक श्वास होत असेल, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर विलंब न करता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. मूल दूध पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर श्वास न मोजताही निघावे. प्रार्थना वाटेत करता येते.

(४) वाणीचे तप आचरावे. सतराव्या अध्यायात उद्वेग न करणाऱ्या, सत्य, प्रिय आणि हितकर भाषणास वाङ्मय तप म्हटले आहे. थकव्यात कठोर शब्द निघालाच, तर मुलाला जवळ घेऊन ‘माझे चुकले’ असे म्हणण्यात माता-पित्यांनी संकोच मानू नये.

(५) सायंकाळी दहा मिनिटे सर्वांनी दिव्यापाशी बसावे. एखादी पुराणकथा सांगावी, मुलांनी प्रश्न विचारावेत. दिवसभर कोंडलेल्या मनाला यासारखे दुसरे मोकळे अंगण नाही.

(६) आपल्या मुलांची पांघरुणे काढताना ज्यांच्या अंगावर पांघरूण नाही अशा एका तरी मुलाचे स्मरण करावे, आणि ते स्मरण कोरडे राहू देऊ नये.

हे सर्व करताना ‘येणारे आणि जाणारे’ हे भगवंतांचे शब्द हृदयात धरावेत. काश्मिरी पंडितांच्या घरी, त्यांच्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन कृष्ण त्रयोदशीला, म्हणजे महाराष्ट्राच्या माघ कृष्ण त्रयोदशीला, ‘हेरथ’ म्हणून शिवरात्रीचे पूजन होते. पाण्याने भरलेल्या कलशात आक्रोड घालतात, आणि पुढे प्रसाद म्हणून ते घरोघर वाटतात. त्यानंतर फाल्गुन शुक्ल अष्टमीला, तिळा अष्टमीला, हिवाळाभर वापरलेल्या जुन्या कांगड्या पेटवून निरोप देण्याची रीत आहे. १९९० मध्ये व त्यानंतर त्यांच्यातील बहुसंख्य कुटुंबांना खोरे सोडावे लागले. तरी जम्मू, दिल्ली, पुणे अशा दूरच्या ठिकाणी जाऊनही हे सण त्यांनी सोडले नाहीत. घर गेले, थंडी गेली, पण थंडी संपते हा विश्वास त्यांनी मुलांच्या हाती दिला.

थंडी जशी जाणारी आहे, तसे मुलाचे लहानपणही जाणारेच आहे. जे मूल आज रात्रीतून चार वेळा हाक मारते, ते थोड्याच वर्षांत स्वतःचे पांघरूण स्वतः ओढून घेईल. तोपर्यंतची प्रत्येक हाक ही सेवेची संधी आहे असे जाणून, नवव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे जे जे घडेल ते भगवंताला अर्पण करावे: पहाटेची चूल, ओले लंगोट, अर्धवट झोप, सगळेच. ज्याला पत्र, पुष्प, फळ आणि जळ पुरते, तो थकलेल्या माता-पित्यांची ही पूजा कधीही अव्हेरणार नाही.